चारशेसातचा पंप

डिझेलच्या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, हे वाहनवाल्या माणसाला सांगायला नको. पण रविवारचं पान घरातली सगळीच वाचतात, म्हणून थोडं मागून सुरू करतो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडावी लागते. डिझेलच्या इंजिनात सिलिंडरमधली हवाच इतकी दाबतात की ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि तिच्यात डिझेल फवारलं की ते आपलं आपण पेटतं. म्हणजे सगळी कला फवारण्यात. किती, आणि नेमकं केव्हा, या दोन प्रश्नांवर ट्रकचा संसार उभा असतो.

हिशेब करून पाहा. टाटाच्या ४०७ टेम्पोत मूळचं जे इंजिन होतं त्याचं नाव ४९७. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, म्हणून ४९७. मला हे नाव फार आवडतं, कारण त्यात जाहिरातीचा लवलेश नाही. हे इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरला एकदा डिझेल लागतं. म्हणजे सेकंदाला वीस वेळा एकेका सिलिंडरला, चारही मिळून ऐंशी वेळा. आणि प्रत्येक वेळचं डिझेल किती? गाडी भरलेली, चढ लागलेला, तरी डोळ्यांत घालायच्या औषधाच्या एका थेंबाएवढं. तो थेंब सेकंदाच्या जेमतेम एक-दोन हजारांश भागात, धुकं होऊन आत जायला हवा. उशीर झाला तर काळा धूर, घाई झाली तर इंजिन ठोकतं.

रुडॉल्फ डिझेलने १८९० च्या दशकात इंजिन काढलं तेव्हा हा थेंब आत ढकलायला दाबलेली हवा वापरावी लागे. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. त्यामुळे ती इंजिनं कारखान्यात आणि जहाजात शोभायची, ट्रकमध्ये बसायची नाहीत. ती गाठ सोडवली रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने. गंमत म्हणजे ही कंपनी मुळात ठिणगीवाली, मॅग्नेटो बनवणारी. बिनठिणगीचं इंजिन फोफावलं तर आपलं दुकान बंद, हे त्यांना वेळेवर उमगलं. १९२२ मध्ये त्यांनी डिझेलच्या पंपाचं काम हाती घेतलं आणि १९२७ मध्ये पंप कारखान्यातून बाहेर पडू लागले. भारतात १९५१ मध्ये बंगलोरला याच कंपनीच्या सहकार्याने मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली, म्हणजे आपली ‘मायको’. पुढे नाशिकला सातपूरमध्ये नोझल आणि इंजेक्टर बनू लागले. २००८ मध्ये कंपनीचं नाव बदलून बॉश झालं, पण गॅरेजमध्ये आजही जुनी माणसं मायकोच म्हणतात.

तर हा मायकोचा पंप. ओतीव धातूची एक पेटी, इंजिनाच्या कुशीला बांधलेली. आत प्रत्येक सिलिंडरसाठी एक दांडा आणि त्याची नळी. मिस्त्री लोक या जोडीला ‘एलिमेंट’ म्हणतात. दोघांमधली फट दोन-चार मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस सत्तरेक मायक्रॉन जाडीचा असतो, त्यावरून अंदाज करावा. ही जोडी घासून एकमेकांना जुळवलेली असते. एकीचा दांडा दुसरीच्या नळीत चालत नाही. वीज कुठेच नाही. बॅटरी लागते ती स्टार्टर फिरवायला आणि दिव्यांना. धक्का मारून गाडी चालू केली आणि मग बॅटरी काढून खाली ठेवली, तरी ४०७ बाजाराला जाऊन परत येईल. बंद करायलासुद्धा तार ओढायची.

१९८६ मध्ये ४०७ निघाला तेव्हा टेल्कोपुढे जपानी सहकार्याच्या चार-चार कंपन्या उभ्या होत्या. त्यांतून हा गडी तगला तो बऱ्याच अंशी या साधेपणामुळे. मी बँकेत होतो त्या काळात ‘स्मॉल रोड ट्रान्सपोर्ट ऑपरेटर’ नावाचा कर्जाचा एक प्रकार होता, प्राधान्य क्षेत्रातला. शिरूर तालुक्यातून त्या सदरात येणाऱ्या अर्जांत ४०७ चं कोटेशन हमखास असे. अर्जदाराला विचारायचं, गाडी बिघडली तर काय करणार? उत्तर ठरलेलं, ‘आमच्याकडं मिस्त्री हाये.’ प्रकल्प अहवालात या वाक्यासाठी रकाना नव्हता, पण वसुलीच्या दृष्टीने ते जामीनदारापेक्षा मोलाचं होतं.

केंदूर हे त्यातलंच एक गाव. संत कान्हूराज पाठकांचं. शिक्रापूर-चाकण रस्ता आणि पाबळ यांच्या मधल्या टापूत, वेळ नदीच्या खोऱ्यात. पाऊस बेताचा, जमीन बरी, कांदा चांगला. कांदा म्हटला की चाकणचा बाजार, आणि बाजार म्हटला की टेम्पो. इथल्या एका शेतकऱ्याकडे १९९० च्या दशकातला ४०७ आहे. मी त्यांना तात्या म्हणतो, तेवढं पुरे. त्यांचं कर्ज केव्हाच फिटलं, पण माणसाशी ओळख राहिली. गेल्या काही वर्षांत त्यांच्या गाडीची जी गोष्ट घडली ती मला लिहावीशी वाटली, कारण ती एकट्या त्यांची नाही.

झालं असं, की तात्यांचा मुलगा आयटीआय करून चाकणच्या एका कारखान्यात लागला. कारखाना गाड्यांच्या वायरिंगचा. मोठ्या फळीवर खिळे ठोकलेले, त्यांच्यामधून रंगीत वायरी ओवायच्या, टोकांना कनेक्टर लावायचे, गुंडाळायचं आणि पुढे द्यायचं. सात वर्षं त्याने ते केलं. चाकण म्हणजे आता वाहनांची पंढरी. बजाज १९९९ मध्ये आले, मर्सिडीज २००९ मध्ये. (टाटांचा पहिला ट्रक १९५४ मध्ये जमशेदपूरला याच मर्सिडीजच्या सहकार्याने निघाला होता, आणि १९६९ पर्यंत त्याच्या नाकावर तीन टोकांची चांदणी होती. ती चांदणी कांद्याच्या बाजाराशेजारी येऊन बसेल, असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.) मुलगा दिवसभर नव्या गाड्यांच्या वायरी ओवायचा आणि संध्याकाळी घरी आला की दारात वडिलांचा धूर सोडणारा ४०७.

धुराला कारण होतं. पंपावर एक स्क्रू असतो, जास्तीत जास्त किती डिझेल जाईल ते ठरवणारा. त्याला तार आणि शिसं लावून सील केलेलं असतं. ओझं ओढत नाही म्हटलं की सील तोडून ‘पंप वाढवून’ घ्यायची आपल्याकडे जुनी चाल आहे. गाडी ओढते, पण जास्तीचं डिझेल धड जळत नाही. शिवाय एलिमेंट झिजलेले. २०१५ मध्ये हरित लवादाने दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला, तेव्हापासून ‘आता पुण्याची पाळी’ ही अफवा दर सहा महिन्यांनी गावात येते. त्यात २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या व्यापारी वाहनांच्या फिटनेसची फी कैक पटींनी वाढली. मुलगा म्हणाला, ‘आपण हिच्यात सीआर बसवू.’

सीआर म्हणजे कॉमन रेल. यात पंपाचं काम फक्त दाब तयार करायचं. ते डिझेल एका जाड पोलादी नळीत हजार-सोळाशे बारच्या दाबाने भरून ठेवायचं. मोटारीच्या चाकात दोन बार हवा असते, हे ध्यानात घ्या. त्या नळीवरून चार इंजेक्टर निघतात, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर विजेचा झडपवाला. केव्हा उघडायचं, किती वेळ उघडायचं हे सांगतो एक डबा, ज्याला सगळे ईसीयू म्हणतात. जुना पंप तो थेंब एका दमात फेकत असे. हा डबा त्याच थेंबाचे दोन-तीन तुकडे करतो. आधी चिमूटभर, मग मुख्य घास. त्यामुळे आवाज मऊ होतो, धूर जवळपास जातो. जपानमध्ये १९९५ मध्ये ट्रकवर आणि १९९७ मध्ये युरोपात मोटारींवर हे तंत्र आलं. आपल्याकडे त्याला खरा रेटा मिळाला तो प्रदूषणाच्या नियमांनी. २०१७ च्या एप्रिलपासून देशभर बीएस-४ आलं. आदल्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या बीएस-३ गाड्या विकायलाही मनाई केली. २०२० मध्ये पाचवी पायरी गाळून थेट बीएस-६. त्या चढणीवर नव्या गाड्यांतला मायकोचा पंप मागे राहिला.

पुण्याच्या जुन्या बाजारातून अपघातातल्या गाडीचं ४९७ च्याच घराण्यातलं सीआर इंजिन आणलं. सोबत ईसीयू, पायाचं पेडल आणि कापलेलं वायरिंग. ‘कापलेलं’ या शब्दात सगळं रामायण आहे. भंगारवाला इंजिन काढताना वायरी सोडवत बसत नाही, सरळ करवत फिरवतो.

श्रावणात गाडीला काम नसतं. गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली साखळी-कप्पी लावून मिस्त्रींनी जुनं इंजिन उतरवलं. मिस्त्री साठीचे. तीन तालुक्यांत पंपासाठी त्यांना बोलावतात. लोखंडाचं काम चार दिवसांत उरकलं. माउंटिंगला थोडी वेल्डिंग, टाकीला परतीची एक नळी, पाणी वेगळं करणारा मोठा फिल्टर. अॅक्सिलरेटरची तार गेली. नव्या पेडलला तारच नसते. पायाने किती दाबलं ते ते व्होल्टमध्ये सांगतं.

मग वायरिंग सुरू झालं, आणि त्याला गौरी-गणपती उलटून गेले.

मुलाने एका जुन्या दारावर खिळे ठोकून कारखान्यासारखी फळी केली. प्रत्येक वायर मीटरने तपासायची, रंग लिहायचा, कापलेल्या जागी नवा तुकडा जोडायचा. मिस्त्री म्हणाले, डाग दे. मुलगा म्हणाला, नाही, दाबूनच जोडायची. डाग दिलेली वायर त्या जागी कडक होते आणि गाडीच्या थरथरीने डागाच्या शेजारी तुटते. कारखान्यात म्हणूनच टोकं दाबून बसवतात. नळी खाली वळवून मग कनेक्टरमध्ये न्यायची, म्हणजे पावसाचं पाणी वाकणावरून ठिबकून जातं, आत शिरत नाही. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी कडं. उंदरांसाठी जाळीचं वेष्टण. गोठा म्हटला की पेंड आली, आणि पेंड आली की उंदीर आलेच.

फ्लायव्हीलपाशी दातांचं एक चाक असतं. साठ दातांची जागा, दात मात्र अठ्ठावन्न. दोन मुद्दाम गाळलेले. समोरचा सेन्सर दात मोजत राहतो. मोठी फट आली की डब्याला कळतं, इंजिन कुठे आहे. पण ते दाबण्याच्या फेरीत आहे की धूर टाकण्याच्या, हे सांगायला दुसरा सेन्सर लागतो, कॅमचा. या वायरी एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या असतात, नाहीतर शेजारून जाणाऱ्या इंजेक्टरच्या वायरींची कुरबुर त्यांच्यात शिरते. मला हे सगळं मुलाने समजावलं, मी डायरीत टिपलं. निवृत्त माणसाला वही लागतेच.

भाद्रपद संपता संपता गाडी चालू झाली. आवाज असा की मिस्त्री दोनदा वाकून पाहून आले, चालू आहे ना. आवारात फेऱ्या झाल्या. आणि संध्याकाळ झाली म्हणून तात्यांनी दिवे लावले तर इंजिन मान टाकू लागलं. दिवे बंद केले की ठीक. वायपर लावला की पुन्हा तेच.

तीन दिवस शोधाशोध चालली. कारण असं निघालं. रेलमधला दाब सांगणारा सेन्सर साधारण अर्ध्या ते साडेचार व्होल्टच्या दरम्यान बोलतो. म्हणजे सगळा दाब काय तो चार व्होल्टच्या फरकात मोजायचा. या सेन्सरची परतीची वायर भंगारवाल्याच्या करवतीत सापडली होती आणि ती, तेवढी एकच, मुलाने जवळच्या चॅसीला बांधली होती. जुन्या गाडीत असंच करतात, सगळं अर्थिंग चॅसीला. पण तीस वर्षांची ती चॅसी. बॅटरीपासून तिला येणारी पट्टी गंजलेली. दिव्यांचा करंट त्या गंजातून जाताना पाव-अर्धा व्होल्ट खाऊन जायचा आणि तेवढा सेन्सरच्या बोलण्यात मिसळायचा. पाव व्होल्ट म्हणजे चारचा सोळावा भाग, म्हणजे शंभरेक बार. डब्याला वाटायचं दाब जास्त झाला, तो कमी करायचा. दिव्याला पाव व्होल्ट कमी मिळाला तर तो जरा पिवळा दिसतो, कोणी बघत नाही. डब्याला तेवढ्यात शंभर बारचा भास होतो. वायर थेट डब्याच्या खुंटीवर नेली, पट्टी नवी घातली, प्रश्न मिटला.

मला या साऱ्यात मिस्त्रींकडे बघवत नव्हतं, हेही लिहायला हवं. पंपाच्या इंजिनात एखादं सिलिंडर काम करत नसेल तर ते एकेका नळीचं नट सैल करत जायचे. ज्या नळीने आवाजात फरक पडत नाही ते सिलिंडर मेलेलं. नळी चिमटीत धरून ठोका बघायचे, वैद्याने नाडी बघावी तसा. सवयीने त्यांचा पाना सीआरच्या नळीकडे गेला आणि पोरगं किंचाळलंच, ‘काका, हात काढा!’ सांगणं रास्त होतं. हजार बारच्या दाबाची बारीक धार कातडी कापून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आत गेलेलं डिझेल बोटाचं मांस नासवतं आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जातं. ज्या घरात सीआर गाडी आहे त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. इंजिन चालू असताना त्या नळीला हात नाही, आणि गळती बोटाने चाचपायची नाही. मिस्त्री मागे सरले. थोड्या वेळाने म्हणाले, ‘म्हंजी साहेब, आता हात लावायचाच न्हाई. नुसतं मशिनीत बघायचं.’ त्यांनी तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं.

गाडी रस्त्यावर आणायच्या आदल्या आठवड्यात मी गेलो होतो. सगळं पाहून झाल्यावर माझ्या तोंडून जुन्या सवयीचा प्रश्न गेला, ‘आरसीचं काय?’ आरसीवर इंजिन नंबर असतो, तो आता वेगळा. बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने मुळात ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी तफावत पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सीएनजीसारख्या दुसऱ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त संच बसवायला वाट ठेवली आहे. अशा संचांच्या चाचण्या आपल्या पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवर १९६६ पासून असलेल्या एआरएआय संस्थेत होतात. पण तिथे संच घेऊन जाते ती कंपनी. गोठ्यात दारावर खिळे ठोकून जुळवलेल्या वायरिंगसाठी कोण जाणार? जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम आणखी स्पष्ट केलं. त्याच जातीचं इंजिन पूर्वपरवानगीने बदलणं वेगळं, आणि गाडीच्या मूळ रचनेत नसलेलं दुसऱ्या पिढीचं इंजिन घालणं वेगळं.

मुलाचा युक्तिवाद मला सुन्न करणारा होता. ‘साहेब, जुन्या पंपाचा धूर कायदेशीर, आणि माझं बिनधुराचं बेकायदा?’ याला उत्तर आहे, पण ते त्याच्या एकट्याच्या गाडीपुरतं नाही. त्याने सात वर्षं वायरी ओवल्या आहेत. उद्या रस्त्याकडेचा कोणीही सीआर बसवू लागला, अर्थिंग चॅसीला बांधू लागला आणि घाटात दिवे लावताच गाडीने मान टाकली, तर? कायद्याला हा आणि तो, दोघे एकाच मापाने मोजावे लागतात. आणि एक व्यवहाराची गोष्ट. गाडीखाली कोणी आलं तर विमा कंपनी आधी आरसी उघडते आणि इंजिन नंबर पडताळते. तफावत निघाली तर भरपाईचा वाद थेट तात्यांच्या सात-बाराच्या दारात येऊन उभा राहू शकतो. मी बँकेत असताना विम्याअभावी विकलेल्या जमिनी पाहिल्या आहेत. मी तात्यांना तेवढंच सांगितलं. बाकी निर्णय त्यांचा.

तात्यांनी दोन दिवस घेतले. मग मिस्त्रींना म्हणाले, जुनं इंजिन चढवा. त्याआधी पंप पुण्याला लॅबमध्ये पाठवला, एलिमेंट आणि नोझल नव्या घातल्या, बाकावर चढवून चारही नळ्यांचं माप एकसारखं करून घेतलं आणि स्क्रूला पुन्हा सील मारून आणलं. धूर निम्म्याहून कमी झाला. ओढ थोडी कमी झाली, तर तात्या दहा गोण्या कमी भरतात. हे सगळं गेल्या पंधरा वर्षांत केव्हाही करता आलं असतं, असं मुलगा म्हणाला, आणि त्यावर मिस्त्री काही बोलले नाहीत.

सीआर इंजिन विकायचं नाही, असं मुलाने ठरवलं. लोखंडी चौकट करून ते त्याने पत्र्याखाली उभं केलं आहे. समोर दाराची ती फळी, तिच्यावर सगळं वायरिंग पसरलेलं, प्रत्येक वायरीला चिठ्ठी. चावी फिरवली की चालू होतं. केंदूरच्या शेजारी पाबळला विज्ञान आश्रम आहे, १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी सुरू केलेला. इलिनॉयची डॉक्टरेट आणि हिंदुस्तान लीव्हरमधली नोकरी बाजूला ठेवून हा माणूस पाबळच्या माळावर राहायला आला, कारण हाताने काम करताना शिकलेलं पक्कं बसतं अशी त्यांची खात्री होती. जुन्या जीपचे भाग वापरून छोटा ट्रॅक्टर केला तो त्याच आश्रमात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने २००२ मध्ये फॅब लॅब आली तीही तिथेच. कलबाग २००३ मध्ये गेले. त्या मुलाने त्यांना कधी पाहिलेलं नाही.

रविवारी त्याला सुट्टी असते. तेव्हा आसपासचे चार-दोन मिस्त्री येतात. मुलगा गुपचूप एखादी वायर सोडवतो, त्यांनी मीटर घेऊन शोधायची. दिव्यांचा तो दोष त्याने मुद्दाम एका बटणावर जोडून ठेवला आहे. आमचे मिस्त्री पहिले दोन रविवार फिरकले नाहीत. तिसऱ्याला चष्मा घेऊन आले. मी होतो तेव्हा त्यांनी मीटरची काळी दांडी बॅटरीला लावली, लाल दांडी चॅसीला, आणि आकड्याकडे न बघता आधी कान इंजिनाकडे नेला. मग म्हणाले, ‘लाव रं दिवे.’

४०७ चं फिटनेस येत्या मार्चमध्ये आहे. उन्हाळी कांदा त्यानंतर निघेल.